शब्दांखालची नागमोडी रेघ

व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने महाभारत लिहिलं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात ही कथा नाही.

संपादक विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिजला गणित आणि नंतर बर्लिनला भाषाशास्त्र शिकलेले. 1925 साली त्यांनी काम हाती घेतलं. आदिपर्वासाठी सुमारे 60 हस्तलिखितं वापरली. तक्त्यावर प्रचलित श्लोक, त्याखाली प्रत्येक पोथीतला फरक, अक्षराखाली अक्षर. रोज कोडचे डिफ बघणाऱ्या मला ही पद्धत लगेच ओळखीची वाटली. फक्त इथे मूळ फाइल कुणाकडेच नव्हती.

अनेक पोथ्यांत नसलेली गणपतीची कथा त्यांनी मुख्य पाठातून काढली, पण परिशिष्टात छापली. नाकारलेले पाठभेद पानाच्या तळाशी दिले. जिथे स्वतःलाच खात्री नव्हती, त्या शब्दांखाली नागमोडी रेघ मारली. म्हणजे त्यांचा निर्णय खोडायचा असेल, तर लागणारा पुरावा त्याच पुस्तकात मिळतो.

पद्धत त्यांनी 1933 च्या प्रस्तावनेत सविस्तर मांडली. 1943 साली ते गेले. पुढे बेलवलकर, वैद्य आणि इतरांनी 1966 पर्यंत काम तडीस नेलं. नागमोडी रेघ पुढच्या पर्वांतही आहे.