पोटगीचा हुकूम हातात, पण बापाचा पत्ता कुठे?

वारंगा फाट्यावरून एक रस्ता नांदेडला, एक हिंगोलीला, एक हदगावमार्गे नागपूरकडे जातो. कामाला म्हणून निघालेला बाप कुठे जाऊन राहिला, हे कधीकधी घरच्यांनाही कळत नाही. शाळेच्या अर्जात वडिलांचा पत्ता लिहायची वेळ आली की आई गप्प होते. अशा मायबहिणींसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

हक्क काय आहे?
लेकरांचा नफका बापाच्या जिम्मे, हे शरियतही सांगते आणि कायदाही. पूर्वीचे कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. तलाकनंतरही मुस्लिम बापाला अज्ञान मुलांची पोटगी द्यावीच लागते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात दिला.

बापाला सरकार शोधून देते का?
अमेरिकेत १९७५ पासून यासाठी सरकारी यंत्रणा आहे. नव्याने नोकरीला लागलेल्यांची नोंदही तिथे पोटगीसाठी तपासली जाते. आपल्याकडे अशी यंत्रणा नाही. मग आधारवरून पत्ता मिळेल का? हुबळीच्या एका बाईने पोटगी वसुलीसाठी माहिती अधिकारात नवऱ्याचा आधारवरचा पत्ता मागितला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सांगितले की, लग्न झाले म्हणून नवऱ्याची गोपनीयता संपत नाही, आधी त्याचे म्हणणे ऐका. आधार कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे ही माहिती उच्च न्यायालयाच्या हुकुमाशिवाय मिळत नाही. म्हणजे तालुक्याच्या कोर्टालाही ती मागवता येत नाही.

मग करायचे काय?
१. अर्ज आपण राहतो तिथल्या कोर्टात करता येतो. वारंग्याच्या बाईने कळमनुरीत करावा, नवऱ्याच्या गावी जायची गरज नाही.
२. निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याचे जुने मोबाईल नंबर, ठेकेदाराचे किंवा कंपनीचे नाव, बँकेचा कागद, जे असेल ते जपून ठेवा.
३. तो मुद्दाम समन्स टाळत असेल, तर कोर्ट त्याच्या गैरहजेरीतही खटला चालवू शकते.
४. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही कमाई आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते.
५. तो दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून याच हुकुमाची वसुली करता येते.
६. स्त्रिया आणि मुलांना वकील मोफत मिळतो, कमाईची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

एक गोष्ट विसरू नका. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. पत्ता सापडेल तेव्हा बघू, म्हणून थांबलात तर लेकराचा हक्काचा पैसा बुडतो. म्हणून पत्ता सापडो न सापडो, अर्ज वेळेत करा.