आभाळ बसवणारी माणसं : नाशिक, मालेगाव आणि पाणबुडीचा एक खेळ



आपल्या मालेगावात मोसम आहे, गिरणा आहे, पण समुद्र नाही. पाणबुडी तर दूरच राहिली. तरीही आजचा विषय पाणबुडीपासून सुरू होतो. कारण आपल्याकडची काही तरुण मुलं संगणकावर पाणबुडीचे खेळ खेळतात आणि त्यातली थोडी हौशी मुलं खेळण्यापेक्षा जास्त वेळ त्या खेळातलं आभाळ दुरुस्त करण्यात घालवतात. घरातले म्हणतात, वेळ वाया घालवतोय. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा वेळ वाया घालवण्याबद्दल दोन शब्द बोलण्याचा माझा अधिकार आहे असं मी समजतो. या कामाला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासातली मोठी पानं आपल्याच जिल्ह्यात लिहिली गेली आहेत.

आधी हे काम काय असतं ते पाहू. 'सायलेंट हंटर ३' नावाचा एक खेळ २००५ साली आला. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे तुम्ही कप्तान, आणि समोर अटलांटिक महासागर. खेळ विकत घेतल्यावर लोकांनी त्याच्या फायली उघडून त्यात बदल करायला सुरुवात केली. अशा बदलाला मॉड म्हणतात. संगणकातलं आभाळ म्हणजे वरून पालथा घातलेला एक घुमट असतो. त्याच्या आतल्या बाजूला ढगांची चित्रं चिकटवलेली असतात. सूर्य किती वर आहे त्याप्रमाणे रंग बदलायचे, क्षितिजाजवळ धुकं पसरायचं. धुक्याचा रंग आणि घुमटाच्या कडेचा रंग जुळला नाही तर समुद्र आणि आभाळ यांच्या मधे शिवण दिसते. सगळी कारागिरी ती शिवण लपवण्यात असते.

मूळ खेळात स्वच्छ हवेतसुद्धा साधारण ८ किलोमीटरपर्यंतच दिसत असे. हौशी लोकांनी ते १६ किलोमीटर केलं. यात नुसता सुशोभनाचा भाग नाही. डोळा पाण्यापासून ५ मीटर उंच असेल तर क्षितिज सुमारे ८ किलोमीटरवर असतं. पण समोरच्या जहाजाची डोलकाठी २० मीटर उंच असेल, तर तिचं टोक त्याच्या कितीतरी पलीकडून दिसायला लागतं. खऱ्या समुद्रावर टेहळ्या जहाज शोधत नाही, क्षितिजावरचा धूर आणि काठीचं टोक शोधतो. उलट पेरिस्कोप पाण्याबाहेर जेमतेम १ मीटर काढला, तर क्षितिज साडेतीन किलोमीटरवर येऊन बसतं. म्हणजे आभाळ मोकळं केलं की शिकार बदलते. आणि एक गोष्ट विसरायची नाही : तुम्हाला लांबचं दिसायला लागलं की शत्रूलाही तुम्ही लांबून दिसायला हवेत. मग त्याच्या नजरेचे आकडे पुन्हा बसवावे लागतात. आभाळाला हात लावला की सगळ्या जगाला हात लावावा लागतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यासाची चर्चा केली आहे. अध्यास म्हणजे एका वस्तूवर दुसरीचे गुण लादणं. तिथे एक शंका येते : जे डोळ्यांना दिसतच नाही, त्याच्यावर काही लादता कसं येईल? आचार्य उत्तरादाखल आकाशाचं उदाहरण देतात. आकाश प्रत्यक्ष दिसत नाही, तरी अजाण माणसं त्याच्यावर पृष्ठभाग आणि मळकटपणा लादतात. म्हणजे आभाळ कढईसारखं पालथं आहे असं मानतात आणि त्याला रंग आहे असंही मानतात. मंडळी, घुमट आणि रंग! खेळ बनवणारा नेमक्या याच दोन वस्तू घेऊन बसलेला असतो. फरक एवढाच की आपण हे नकळत करतो आणि तो जाणूनबुजून करतो. हा फरक ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

जाणूनबुजून आभाळ बसवण्याचं काम या खेळाच्या सुमारे दीडशे वर्षं आधी सुरू झालं. तेही समुद्रावरच. १८५० च्या दशकात फोटोग्राफीच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर पकडत. समुद्र नीट यावा म्हणून पुरेसा वेळ काच उघडी ठेवली, तर आभाळ जळून पांढरंफटक व्हायचं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ला ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास तोडगा काढला. समुद्राची एक काच, आभाळाची दुसरी, आणि छापताना दोन्ही क्षितिजावर जोडायच्या. लोक चकित झाले. नंतर चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्यांना दिसलं की दोन वेगवेगळ्या समुद्रांवर तेच ढग आहेत. आजचा मॉड करणारा मुलगा एका खेळातले ढग दुसऱ्यात नेतो, तेव्हा तो ला ग्रेच्याच परंपरेत असतो.

आपल्याकडे हे काम आणलं त्र्यंबकेश्वरच्या माणसाने. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी केली, छापखाना केला, आणि जादूचे प्रयोगही शिकले. स्वतःचं आडनाव उलटं करून ते 'प्रोफेसर केळफा' म्हणून जादू दाखवत. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात लागला, आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. 'लंकादहन' १९१७ चा. त्यात हनुमान उड्डाण करतो. 'कालियामर्दन' १९१९ चा. त्यात बाळकृष्ण पाण्याखाली जाऊन नागाशी झुंजतो. ती भूमिका त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली. म्हणजे समुद्रापासून दूर, गोदावरीच्या काठी, शंभर वर्षांपूर्वी आभाळही तयार होत होतं आणि पाण्याचा तळही.

'कालियामर्दन'ची सुरुवात मात्र पाहण्यासारखी आहे. चित्रपट सुरू होताना आधी मंदाकिनी साध्या मुलीच्या रूपात दिसते. राग, हसू, रडू असे भाव करून दाखवते, आणि मग तिचा कृष्ण होतो. फाळके आधी शिवण दाखवतात, नंतर कापड. बघा, ही माझीच पोरगी आहे, आणि आता देव पाहा. प्रेक्षकाला फसवण्यात त्यांना रस नव्हता. पुढे १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांना विमानातून वैकुंठाला नेलं. पाहणाऱ्याला युक्ती कळते, तरी हात जोडले जातात.

आता मालेगाव. आपलं गाव यंत्रमागांचं. आठवडाभर खटखट चालते आणि शुक्रवारी ती थांबते. त्या सुट्टीत सिनेमा. नासिर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं. इंग्रजी, हिंदी सिनेमे दाखवता दाखवता २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' केला. साधा व्हिडिओ कॅमेरा, संकलनाला दोन व्हीसीआर, ट्रॉलीऐवजी सायकल, क्रेनऐवजी बैलगाडी. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. त्याच्या चित्रीकरणावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, म्हणून हे सगळं आज जगाला ठाऊक आहे. त्यात असलेला एकुलता कॅमेरा पाण्यात पडतो आणि काम अडतं, हेही आहे. पाण्याखाली गेलेलं आपलं एकमेव यंत्र तेच म्हणायचं!

सुपरमॅन उडवायचा म्हणजे मागचं आभाळ बदलायला हवं. त्यासाठी हिरवं कापड. संगणकाला सांगायचं की जिथे हिरवं दिसेल तिथे आभाळ भर. पूर्वी सिनेमात या कामाला निळा पडदा वापरत. पण सुपरमॅनचा अंगरखाच निळा. निळ्यापुढे निळा माणूस उभा केला की माणसालाच भोकं पडतात. १९७८ च्या हॉलिवूडच्या 'सुपरमॅन'लाही ही अडचण आली होती. त्यांनी त्यासाठी प्रक्षेपणाची निराळी यंत्रणा उभारली. मालेगावने कापड आणलं. व्हिडिओ कॅमेरा हिरवा रंग सगळ्यात स्वच्छ टिपतो, त्यामुळे ते जमलंही.

इथे कोणी म्हणेल, प्राध्यापक, ही तर नक्कल झाली. कथा दुसऱ्याची, नायक दुसऱ्याचा. खेळाचा मॉड करणाराही दुसऱ्याच्या मालावर हात चालवतो. आक्षेप खोटा नाही. कायद्याचा प्रश्न आहेच, आणि मूळ कष्ट करणाऱ्याचं श्रेय बुडवणं वाईटच. पण नक्कल आणि बदल यात भेद करायला हवा. नक्कल करणारा माल तसाच विकतो. बदल करणारा विचारतो, या जगात माझं काय कमी आहे? अटलांटिकवर लढलेल्यांच्या आठवणी वाचलेला माणूस म्हणतो, इथलं धुकं चुकलं आहे. मालेगावचा माणूस म्हणतो, या सुपरमॅनला आमची हवा लागलेली नाही. मग आपला सुपरमॅन किडकिडीत होतो, त्याला धाप लागते, आणि त्याची लढाई घाणीशी आणि तंबाखूशी असते. ती भूमिका करणारे शफीक शेख यंत्रमागावर काम करणारे होते. पुढे ते कर्करोगाने गेले. पडद्यावरची विनोदी लढाई किती खरी होती, ते गावाने पाहिलं.

शेवटचा मुद्दा. मघाचा फरक आठवा : नकळत लादणं आणि जाणून बसवणं. ८ सप्टेंबर २००६ ला या गावात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा स्फोट झाला, सहा माणसं गेली. बाहेरच्या लोकांच्या मनात मालेगावावर एक आभाळ त्या दिवसांपासून बसलं आहे. काळं, धुराचं. ते कोणी मुद्दाम रंगवलं असेल नसेल, पण पाहणाऱ्याला ते खरंच वाटतं, कारण त्याला शिवण दिसत नाही. शंकराचार्य ज्याला अध्यास म्हणतात तो हा. आकाश मळत नाही, मळ पाहणाऱ्याच्या समजुतीत असतो.

हिरव्या कापडावरचं आभाळ याच्या नेमकं उलट आहे. त्याची कड थरथरते, सावली चुकते, माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी कळतं की हे बसवलेलं आहे. म्हणून तो हसतो. हसणारा माणूस भ्रमात नसतो. म्हणून मला हे काम खेळ वाटत नाही, शिक्षण वाटतं. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने आभाळ बसवलं, धुक्याचा रंग तीनदा बदलून पाहिला, त्याला दुसऱ्याने बसवलेलं आभाळही ओळखू येतं. टीव्हीवरच्या बातमीतलंही ओळखू येतं.

तेव्हा घरातल्या मोठ्यांना माझी एवढीच विनंती आहे. मुलगा संगणकापुढे बसून ढग हलवत असेल, तर लगेच ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा, शिवण कुठे आहे रे? त्याने दाखवली, तर त्याचा वेळ वाया गेला नाही असं खुशाल समजा.