माध्यमिक शाळेतील फ्रेंच अध्यापकाची घडण : नाशिकच्या संदर्भात एक विचार

माध्यमिक शाळेत परकीय भाषा शिकविणाऱ्यास दोन प्रकारची सिद्धता लागते : त्या भाषेवरील प्रभुत्व आणि अध्यापनाचे शास्त्र. महाराष्ट्रातील फ्रेंच अध्यापकाच्या बाबतीत या दोन सिद्धता निरनिराळ्या संस्थांत, आणि बहुधा परस्परांची दखल न घेता, घडत आल्या. त्यांना सांधणारे तिसरे अंग म्हणजे विद्यार्थ्याच्या मातृभाषेचा विचार. हे अंग उपेक्षित राहिले. नाशिकसारख्या, मुंबई व पुणे या दोन केंद्रांपासून दूर असलेल्या नगराच्या बाजूने पाहिले असता या इतिहासाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, आणि नाशिकचे उच्च शिक्षण दीर्घकाळ त्याच्याच कक्षेत राहिले. प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी १९१८ साली स्थापन केलेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, जे पुढे हंसराज प्रागजी ठाकरसी यांच्या नावाने प्रसिद्धीस आले, ते नाशिकमध्ये १९२४ साली निघाले. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर नाशिक त्याच्या क्षेत्रात आले. अध्यापनाच्या शिक्षणाची कथा याहून वेगळी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पुरस्कार केला होता. परंतु मुंबईचे माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय निघावयास १९०६ साल उजाडले, आणि पुण्याचे टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ चे आहे. त्या काळी नाशिकच्या तरुणास फ्रेंचमध्ये प्रावीण्य मिळवावयाचे असो वा अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावयाचे असो, गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

प्रशिक्षणाचे स्वरूप समजण्यासाठी शाळेतील फ्रेंचचे स्थान ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रजीच्या जोडीला घ्यावयाच्या द्वितीय भाषेच्या रूपाने ती संस्कृत, फारसी व लॅटिन यांच्या पंक्तीस बसली. जी भाषा परीक्षेत अभिजात भाषांचा पर्याय ठरते, ती त्यांच्याच रीतीने शिकविली जाणे स्वाभाविक होय. शब्दरूपे पाठ करणे, नियम सांगणे आणि दोन्ही दिशांनी भाषांतर करणे, ही ती रीत. खुद्द फ्रान्सने १९०२ साली आपल्या शाळांतील परकीय भाषांसाठी प्रत्यक्ष पद्धतीचा आदेश काढला होता. येथील परीक्षेचा भर मात्र लेखी भाषांतरावर असल्यामुळे, ज्याला उत्तम बोलता येते असा अध्यापक शाळेला अपरिहार्य वाटला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर भाषेच्या बाजूस मोठे परिवर्तन झाले. झॉर्झ गुगेनेम यांच्या मार्गदर्शनाखाली बोलल्या जाणाऱ्या फ्रेंचच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास होऊन सुमारे १५०० शब्दांची ‘मूलभूत फ्रेंच’ १९५४ साली निश्चित झाली, आणि तिच्या आधारे सें-क्लू येथे दृक्-श्राव्य पाठ्यक्रम तयार झाले. मुंबईत १९३८ पासून कार्य करणारी आलियांस फ्रांसेज आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूतील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग यांच्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास बोलभाषेचा परिचय सुलभ झाला. प्रशिक्षण महाविद्यालयात मात्र हर्बार्टच्या परंपरेतील पाठटाचण हेच सर्व विषयांचे सामान्य साधन राहिले. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेस वैधानिक अधिकार मिळाले. २०१४ च्या विनियमांनी बी. एड्. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. कालावधी वाढला, तरी भाषा एका ठिकाणी व अध्यापन दुसऱ्या ठिकाणी ही विभागणी कायम राहिली.

या विभागणीने नेमके काय गमावले, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता येते. फ्रेंचमधील अल्पप्राण प, त, क मराठी भाषकास सहज साधतात, कारण प व फ हा भेद त्याच्या जिभेवर उपजतच आहे. फ्रेंच त हा दंत्यही आहे. परंतु इंग्रजीच्या द्वारे फ्रेंच शिकणारा विद्यार्थी तेथे ट उच्चारण्याचा संभव असतो. उलट, ओठ गोल करून उच्चारावयाचा पुढचा स्वर मराठीत नसल्यामुळे तो मुद्दाम शिकवावा लागतो. अनुनासिक स्वर प्रमाण मराठीतून लोपले, आणि १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातूनही गेले. कोंकणी भाषकास मात्र ते परके नाहीत. व्याकरणातही असेच आहे. ‘पोळी खाल्ली’, ‘आंबा खाल्ला’ असे कर्मानुसार क्रियापद बदलणाऱ्यास, कर्म आधी आले असता फ्रेंचमध्ये ‘एक्री’चे ‘एक्रीत’ का होते, हे इंग्रजीपेक्षा मराठीतून सुलभतेने कळते. तू आणि तुम्ही यांचा भेद तर त्याला निराळा शिकवावा लागतच नाही.

ही सामग्री दुर्लभ नव्हती. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ साली निघाला. टिळक शिक्षण महाविद्यालयाच्या स्थापनेचेही तेच वर्ष होय. एकाच वर्षी एकाच प्रांतात घडलेल्या या दोन गोष्टींची परस्परांशी गाठ पडली नाही. भाषेचा ग्रंथ पंडितांकडे राहिला, अध्यापनाची शाळा शिक्षकांकडे राहिली.

१९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि सेवेतील शिक्षकास गाव न सोडता बी. एड्. होण्याचा मार्ग खुला झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांत फ्रेंचचा नामनिर्देश केला आहे. अंतराची अडचण अशा रीतीने कमी झाली. विभागणीची अडचण उरली आहे. फ्रेंच अध्यापकाच्या प्रशिक्षणात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचे व व्याकरणाचे अध्ययन अंतर्भूत होईल, तेव्हाच भाषा आणि अध्यापन यांची एका व्यक्तीच्या ठायी खरी भेट घडेल. तोपर्यंत मराठी मुलास त्याच्या भाषेने आधीच दिलेले ज्ञान वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच राहील.