एका समभागाचे दहा : दूरचित्रवाणी कंपनी आणि तिचे भागधारक



सीमाभागातील माणसाला विभागणीचा इतिहास शिकवावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी परिसर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढल्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. रुपया तोच राहिला, मोजण्याचे नाणे मात्र बदलले. आजचा विषय या दुसऱ्या प्रकारच्या विभागणीचा आहे. पहिलीविषयी या सभागृहात यापूर्वी पुष्कळ बोलले गेले आहे.

भाग घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या किर्लोस्करांनी १९२० साली आपल्या व्यवसायाची मर्यादित कंपनी केली. त्या काळी भाग घेणारा मनुष्य बहुधा मालकाला पाहून पैसे देत असे. झी टेलिफिल्म्सच्या भागधारकाने मालक पाहिला नव्हता; त्याने पडदा पाहिला होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये झीची वाहिनी सुरू झाली आणि १९९३ मध्ये कंपनीचे समभाग जनतेस विक्रीला आले. १९९९ साली ‘अल्फा मराठी’ आली, ‘आभाळमाया’ घरोघरी पोहोचली, आणि ज्या घरांत मराठीसाठी वर्तमानपत्र आणि वाचनालय एवढेच आधार होते, तेथे सायंकाळ मराठीत बोलू लागली. कंपनीविषयी आपुलकी वाटावी, हे स्वाभाविकच होते. आपुलकी आणि गुंतवणूक यांतला फरक मात्र पुष्कळांना पुढे कळला.

त्याच वर्षी विभाजन झाले. तोवर भारतात समभागाची दर्शनी किंमत सामान्यतः दहा किंवा शंभर रुपये असे. जून १९९९ मध्ये ‘सेबी’ने हे बंधन सैल केले आणि झीने दहा रुपयांचा समभाग एकेक रुपयाच्या दहा समभागांत विभागला. ज्याच्यापाशी शंभर समभाग होते त्याच्यापाशी हजार झाले. मालकीचा हिस्सा तसूभरही वाढला नाही. बापाच्या दहा एकरांचे दहा मुलांनी दहा तुकडे केले म्हणून शिवारात तंबाखूचे एक पान जास्त येत नाही, हे निपाणीकरांना सांगणे म्हणजे आगाऊपणाच होईल.

तरीही माणसे फसतात, ती बहुतेक लाभांशाच्या टक्केवारीत. लाभांशाचे प्रमाण दर्शनी किमतीवर सांगण्याची आपली प्रथा आहे. दहा रुपयांच्या समभागावर तीस टक्के म्हणजे तीन रुपये. एक रुपयाच्या समभागावर तीस टक्के म्हणजे तीस पैसे. पहिल्या हिशेबात शंभर समभागांवर तीनशे रुपये, दुसऱ्यात हजारांवरही तीनशेच. पण ‘तीनशे टक्के लाभांश’ हे शब्द कानी पडले की भल्याभल्यांचे भान सुटते. एक रुपयाच्या समभागावर त्याचे तीनच रुपये होतात.

मग विभाजनाने काही घडलेच नाही काय? घडले, आणि ते गंभीर होते. २०००च्या आरंभी या एक रुपयाच्या समभागाचा बाजारभाव दीड हजारांच्या आसपास गेला. विभाजन झाले नसते तर एका समभागाला पंधरा हजार मोजावे लागले असते आणि लहान पगाराचा मनुष्य दारातूनच परतला असता. विभाजनाने दार रुंद केले, ते नेमके भाव शिखरावर असताना. केतन पारेख ज्या समभागांत उलाढाल करी त्यांत झी होता. मार्च २००१ मध्ये पारेखला अटक झाली, आणि त्याच वर्षी हा भाव शंभराच्या खाली उतरला. शिखरावर दहा समभाग घेणाऱ्याच्या पंधरा हजारांचे हजारही उरले नाहीत. याचा दोष विभाजनाला देता येत नाही. पण दार रुंद झाल्यावर आत कोण आले, याचा विचार इतिहासकाराने केला पाहिजे.

पुढील हकीकत थोडक्यात. २००६-०७ मध्ये वृत्तवाहिन्या, केबल आणि ‘डिश टीव्ही’ हे व्यवसाय वेगळे झाले व मूळ कंपनी ‘झी एंटरटेनमेंट एंटरप्रायझेस’ झाली. २०१० मध्ये एकास एक बक्षीस समभाग मिळाला. येथे एक भेद ध्यानी ठेवावा : विभाजनात मूळ खरेदी-किंमत सर्व तुकड्यांवर वाटली जाते, तर बक्षीस समभागाची किंमत करासाठी सामान्यतः शून्य धरतात. २०१४ मध्ये प्रत्येक समभागामागे एक रुपयाचे एकवीस अग्रहक्क भाग मिळाले. गंमत अशी की, पुढे त्यांतल्या दहा-दहांचे एकत्रीकरण करून दहा रुपयांचा एक भाग करण्यात आला!

कागदी प्रमाणपत्रे पेटीत ठेवून निवर्तलेल्यांच्या वारसांचे काय, हा प्रश्न सीमाभागात अधिक जाचक आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, शिधापत्रिकेवर कानडीत, प्रमाणपत्रावर इंग्रजीत. तिन्हींतील आडनावांचा मेळ बसत नाही. १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभागांचे हस्तांतर बंद झाले. वारसाच्या नावे ते अजून करून घेता येतात. परंतु सलग सात वर्षे लाभांश उचलला नसेल तर समभागच केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेथून ते परत मागता येतात. त्यासाठी ‘आयईपीएफ-५’ हा अर्ज आहे. घरी जाऊन जुनी पेटी उघडाल तेव्हा प्रमाणपत्रावरील दर्शनी किंमत आधी पाहा; ती दहा रुपये असेल, तर तो कागद विभाजनापूर्वीचा आहे.