दुष्काळ, देऊळ आणि भरवसा : तुकोबांच्या आत्मनिवेदनाचे एक वाचन

पुनावळ्याच्या कडेने पवना वाहते. तेथून उत्तरेला देहूरोड ओलांडून गेले की इंद्रायणी आणि देहू. दोन नद्यांमधला हा पट्टा १९९७ साली पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेल्यापासून ओळखू येऊ नये इतका बदलला. शेतांच्या जागी इमारती आल्या आणि उन्हाळ्यात नव्या वसाहतींच्या दारात पाण्याचे टँकर उभे राहू लागले. या परिसरातल्या कीर्तनांतून एक उपदेश मात्र कायम राहिला आहे : कठीण काळात देवावर भरवसा ठेवावा. दाखला अर्थातच तुकोबांचा. हा दाखला इतका सरावाचा झाला आहे की तो भरवसा नेमका कोणत्या काळात आणि कोणत्या क्रमाने उभा राहिला, हे तपासण्याची गरज आपल्याला वाटत नाही.

तो काळ १६३० ते १६३२ च्या दुष्काळाचा. गुजरात आणि दख्खन यांना त्याने एकाच वेळी ग्रासले. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशाहनाम्या’त या दुष्काळाचे वर्णन आहे. पिठात हाडांची पूड मिसळून विकली जात होती, इथपर्यंत लाहोरी लिहितो. आणि मग बादशहाच्या औदार्याचा हिशेब मांडतो. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये, असे वीस सोमवार. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्ऱ्याला निघाला, तेव्हा नंदुरबारला प्रेतांमुळे तंबू ठोकायला जागा मिळणे त्याला अवघड गेले. पुणे प्रांतात तर अस्मानीच्या जोडीला सुलतानीही होती. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवल्याची नोंद आपल्या इतिहासाला परिचित आहे. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो याच वर्षी, १६३० च्या फेब्रुवारीत.

या साऱ्या नोंदी बाहेरून पाहणाऱ्यांच्या आहेत. घराच्या आतून झालेली नोंद तुकोबांची. संतांच्या आग्रहावरून, काहीशा अनिच्छेने सांगितलेल्या आपल्या आत्मनिवेदनपर अभंगात त्यांनी हा दुष्काळ दोन-तीन चरणांत आटोपला आहे. आईबाप गेले, दुष्काळाने पैसा आटवला आणि मानही नेला, एक पत्नी अन्नाचा धोसरा करीत मेली. तिचे नाव अभंगात नाही. रखुमाई हे नाव, आणि तिच्यामागे संतू हा मुलगाही गेल्याची हकीकत, चरित्रपरंपरेतून आपल्यापर्यंत येते. मोरे घराण्याकडे महाजनकी होती, व्यापार आणि सावकारी होती. अशा घरातले माणूस उपासमारीने जाते, तेव्हा गावातल्या इतर घरांची काय अवस्था असेल याची कल्पना येते.

यानंतर अभंगात जे येते ते मला फार महत्त्वाचे वाटते. पत्नीच्या मृत्यूनंतर आपल्याला देव आठवला, असे तुकोबा सांगत नाहीत. ते सांगतात ते लाजेविषयी आणि तुटीत गेलेल्या धंद्याविषयी. मग एक भंगलेले देऊळ डोळ्यांपुढे येते आणि ते नीट करावे असे मनात येते. एकादशीच्या कीर्तनाला सुरुवात होते, पण आरंभी आपले चित्त त्यात नव्हते, ही कबुलीही लगेच येते. पुढे संतांची वचने पाठ करणे, गाणाऱ्यामागे ध्रुपद धरणे, शरीर कष्टवून जमेल तसा उपकार करणे. स्वप्नातला गुरूपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती यांचा क्रम त्यानंतरचा. या निवेदनात ‘विश्वास’ हा शब्द येतो तोही संतांची वचने पाठ करण्याच्या संदर्भात. भरवसा पहिल्यांदा बसला तो आधीच्या माणसांच्या शब्दांवर. दुःख, लाज, हातांचे काम, उसने शब्द आणि शेवटी स्वतःचा शब्द अशी ही वाट आहे. आशा तिच्या टोकाशी भेटते, आरंभी नाही.

महिपतींनी रंगवलेले चित्र याहून वेगळे. ताहाराबादच्या या चरित्रकाराचा जन्म १७१५ चा, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी झालेला. कर्जखतांची अर्धी वाटणी धाकट्या कान्होबाला देऊन आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, ही कथा चरित्रपरंपरेतली. आत्मनिवेदनात ती नाही. मात्र दुष्काळात कर्जाचा कागद कोणाच्या गळ्याला फास होता हे ज्यांनी अनुभवले होते, त्यांच्या वंशजांना भक्ताचे पहिले लक्षण ऋणमुक्ती देणे हे वाटावे, यात इतिहासाचा एक अंश आहेच.

आता अडचणीच्या जागेकडे येऊ. दुसऱ्या एका प्रसिद्ध अभंगात तुकोबा दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा केली तीही बरी झाली, असे देवाला सांगतात. आपल्याकडे याच अभंगाच्या आधारे दुसऱ्याच्या संकटाला ‘देवाची योजना’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. अभंग नीट वाचला तर तसे करता येत नाही. त्या यादीत धन जाणे आहे, जनांत झालेला अपमान आहे, पण अन्नावाचून मेलेली पत्नी नाही. तिच्या मरणाला तुकोबांनी कधी ‘बरे’ म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. तिच्यासाठी त्यांनी ठेवलेला शब्द लाजेचा. शिवाय देऊळ बांधताना बायकामुलांची उपेक्षा झाली, हेही ते याच यादीत नोंदवतात. गाथेत पत्नीच्या तक्रारीचा स्वर असलेले अभंग आहेत, ते या नोंदीशेजारी ठेवून वाचावेत. तुकोबांच्या श्रद्धेची किंमत जिजाईनेही मोजली, आणि गाथेने ती लपवलेली नाही.

म्हणून संकटाला बरे म्हणण्याचा अधिकार ज्याच्यावर ते आले त्यालाच, तेही पुष्कळ नंतर, आणि केवळ स्वतःच्या नुकसानापुरता. हा विवेक सुटला की श्रद्धेचे रूपांतर निबर समाधानात होते. देवाशी भांडणारे, त्याला निष्ठुर म्हणणारे तुकोबा गाथेत जागोजाग भेटतात ते याच विवेकामुळे. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी माणूस इतके भांडत नाही.

तुकोबांनी ज्या भामचंद्र डोंगरावर एकांत केला, त्याच्या आसपास आज चाकणचा कारखान्यांचा पट्टा पसरला आहे. एखादा कारखाना बंद पडतो, कंत्राट संपते, कर्जाचा हप्ता थकतो, तेव्हा या पट्ट्यातल्या घरांतही पहिल्यांदा येते ती लाजच. अशा घरात जाऊन भरवशाचा उपदेश करणाऱ्याने तुकोबांचा क्रम विसरू नये. सर्व गेल्यावर त्यांना प्रथम सुचले ते एक पडके देऊळ नीट करणे. मन लागत नसताना त्यांनी ते काम आणि ते कीर्तन चालू ठेवले. भरवसा त्यातून आला.