शिक्षणाचे ऋण आणि निवाऱ्याचा प्रश्न



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्या वाडवडिलांची म्हण आहे. या दोन गोष्टींत माणसाची खरी परीक्षा होते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत या म्हणीस तिसरी जोड मिळाली, ती म्हणजे ‘शिक्षण पाहावे कर्ज काढून’. पूर्वी ही तीन कार्ये आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर येत असत. आता ती आपल्या मुलांवर पंचविशी ते तिशी या पाच वर्षांत एकदम कोसळतात.

मागील वधू-वर परिचय मेळाव्यात नावनोंदणीच्या मेजावर बसण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले होते. त्या दिवशी आम्ही एक गोष्ट ध्यानपूर्वक ऐकली. मुलगा पुण्यास नोकरीस आहे असे कळताच मुलीकडील मंडळींचा दुसरा प्रश्न ठरलेला असे : ‘तिकडे स्वतःचा फ्लॅट आहे काय?’ त्याच्या शिक्षणाचे कर्ज फिटले की नाही, असे मात्र दिवसभरात एकानेही विचारले नाही. हा लेख लिहिण्याची प्रेरणा आम्हांस तेथेच झाली. या प्रश्नास इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे आपण आपल्याच लेकरांस पेचात टाकीत आहोत, असे आमचे नम्र मत आहे.

आपल्या कोष्टी समाजात घर आणि धंदा या दोन वस्तू कधी वेगळ्या नव्हत्या. पवनी, मोहाडी, आंधळगाव येथील आपल्या जुन्या घरांत शिरताच प्रथम माग दिसे, मग चूल. पुरुष विणीत, स्त्रिया कांड्या भरीत, आणि मुले तेथेच खेळता खेळता धंदा शिकत. शिक्षणास पैसा पडत नसे व निवाऱ्यास भाडे पडत नसे. ही घडी मोडण्यास प्रारंभ झाला तो १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे १८८२ च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे आपल्या जिल्ह्यातून गेली, आणि गिरणीचे सूत व कापड गावोगाव येऊ लागले. मागावर पोट भरेना तेव्हा पुष्कळ विणकर कुटुंबांनी नागपूरची वाट धरली. पाचपावली, टिमकी, तांडापेठ, गोळीबार चौक या वस्त्यांत आजही आपली आडनावे दारोदार आढळतात, ती याच स्थलांतराची खूण होय. धंदा एकीकडे आणि घर दुसरीकडे ही स्थिती आपल्या समाजाने तेव्हा प्रथम अनुभवली, आणि ‘खोलीचे भाडे’ हा शब्द आपल्या हिशेबाच्या वहीत तेव्हाच आला.

मुंबईत हा प्रश्न याहून उग्र होता. १८९६ साली तेथे प्लेगची साथ आली. दाट व कोंदट वस्ती हे तिचे एक कारण मानले गेले, आणि १८९८ मध्ये सरकारने शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. त्याच्या चाळी त्या ‘बी.आय.टी.’ चाळी. पुढे १९२० साली निघालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळी बांधल्या. त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत कुटुंबेच्या कुटुंबे राहिली आणि त्यांतूनच मुले शिकून वर आली.

परंतु केवळ सरकारच्या तोंडाकडे न पाहता काही समाजांनी स्वतःचा मार्ग काढला, आणि तोच आम्हांस आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. चित्रापूर सारस्वत समाज संख्येने लहान. कारवार-कानडा भागातून नोकरीसाठी मुंबईस आलेला. त्या समाजातील श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९०६ साली शामराव विठ्ठल यांच्या नावाची सहकारी पतपेढी निघाली. त्यानंतर १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. एकट्या कारकुनास जे घर आयुष्यभरात परवडले नसते, ते अनेकांनी मिळून उभे केले. येथे क्रम पाहण्यासारखा आहे : आधी पतपेढी, मग घरे. पैशाची शिस्त प्रथम, आणि छप्पर त्यानंतर.

आता शिक्षणाच्या ऋणाकडे वळू. शिक्षणासाठी कर्ज ही कल्पना आजकालची आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः १८९२ साली जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापिला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचाच होता. शिकून आलेल्याने पैसे परत करावे, म्हणजे पुढच्याला देता येतील, असा त्यातील विचार. देणगीत उपकार असतो. कर्जाऊ शिष्यवृत्तीत साखळी असते.

या काळातील सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. त्यांचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंधही आला आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक त्यांनी लढविली होती व तीत त्यांचा पराभव झाला, हे वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकले असेल. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. तीस अट होती : परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावयाची. त्या वेळचे हे शैक्षणिक ऋणच होते, फक्त ते रुपयांऐवजी वर्षांनी फेडावयाचे होते. १९१७ साली ते फेडण्यासाठी बाबासाहेब बडोद्यास गेले. पण कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानास त्या शहरात राहावयास खोली मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून त्यांनी कसेबसे दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांस बाहेर पडावे लागले. मित्रांनीही आसरा दिला नाही. शेवटी काही तास सार्वजनिक बागेत बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली.

येथे घर न मिळण्याचे कारण भाडे नव्हते. कारण जात होती. आपण जातीची मंडळे चालविणाऱ्यांनी ही गोष्ट कधीही विसरता कामा नये. आपल्या मुलास परक्या शहरात आडनाव विचारून खोली नाकारली गेली तर आपणांस जे वाटेल, ते आपल्या दारी आलेल्या भाडेकरूसही वाटत असते.

बाबासाहेबांचे पुढील वर्तन तरुणांनी अभ्यासण्यासारखे आहे. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. चांगला पगार हाती आला म्हणून त्यांनी मोठे घर केले नाही, परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांतच कुटुंब ठेवून पैसा साठविला, आणि ती शिल्लक, मित्राचे कर्ज व शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास ते लंडनला गेले. दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ उभे राहिले ते १९३० नंतर. प्रथम शिक्षण पूर्ण, मग स्थैर्य, मग घर. असा तो क्रम होता.

स्वातंत्र्यानंतर हा भार काहीसा हलका झाला. मुंबई प्रांतात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला, आणि आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश आला. या दोहोंची जागा पुढे ३१ मार्च २००० पासून राज्याच्या एका कायद्याने घेतली. १९७७ साली म्हाडाची स्थापना झाली. त्याच वर्षी हसमुखभाई पारेख यांनी घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी एच.डी.एफ.सी. ही संस्था काढली. तोवर मध्यमवर्गीय मनुष्य घर बांधी तो निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या फंडातून. आम्ही स्वतः मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो. शिक्षणाचे एक पैचेही कर्ज डोक्यावर नव्हते. म्हणून चौदा वर्षांच्या नोकरीनंतर पतसंस्थेच्या कर्जावर लाखनीस चार खोल्या बांधू शकलो. हे आमचे कर्तृत्व नव्हे. तो काळाचा प्रसाद होता.

पुढे वारा फिरला. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली. जागा वाढल्या, खेड्यातील मुलास दार उघडले. पण त्या दारास शुल्क लागले. २००१ साली बँकांच्या संघाने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली आणि आपल्या घरांत कर्जाची कागदपत्रे आली. त्यायोगे पुष्कळ मुले शिकली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

तथापि हिशेब मांडून पाहू. समजा, एका मुलास चार वर्षे, प्रत्येक वर्षारंभी २ लाख, असे ८ लाख कर्ज द. सा. द. शे. १० दराने दिले. शिक्षण व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. परंतु सरळ व्याज चढतच असते. पाच वर्षांत ते २ लाख ८० हजार होते. म्हणजे नोकरी लागते तेव्हा देणे १० लाख ८० हजार. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे १४,२७० रुपये. मुलाच्या हाती ४५ हजार पगार पडत असेल, तर उरले ३०,७३०. आता त्याने पुण्यास ४० लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढले, तर त्याचा हप्ता होतो सुमारे ३४,७००. दोन हप्ते मिळून पगारापेक्षा चार हजार अधिक! खाणे, जाणे-येणे, आजारपण हे सारे बाजूलाच. म्हणूनच नवीन कर्ज देताना बँक जुना हप्ता आधी पाहते.

हा हिशेब आम्ही आज मांडतो; स्वतःच्या घरी मात्र मांडला नाही, ही आमची चूक. २०१५ साली आमच्या मुलाच्या लग्नाची बोलणी ‘फ्लॅट’ या एका शब्दावर अडली. शिक्षणाचे कर्ज निम्मेही फिटले नव्हते. आम्ही, शहाणे म्हणविणारे मास्तर, वडिलांनी मागाच्या कमाईतून घेतलेली दीड एकर धानाची बांधी विकली आणि पुण्यातील एका इमारतीत नोंदणी केली. पैशाची ओढाताण होऊन शिक्षणाचे तीन हप्ते चुकले. ते नोंदीस लागले आणि गृहकर्ज हवे तेवढे मिळाले नाही. नोंदणी रद्द करावी लागली व भरलेल्या रकमेतील काही भाग कापला गेला. मुलाने आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाही. त्याने आधी शिक्षणाचे कर्ज फेडले आणि २०२२ साली शहराच्या कडेला दोन खोल्या घेतल्या; लग्नही यथावकाश झाले. परंतु ती बांधी परत आली नाही. महामार्गाने साकोलीकडे जाताना रोवणीच्या दिवसांत आमची नजर आपोआप दुसऱ्या खिडकीकडे वळते.

या इतिहासातून आणि अनुभवातून आम्ही समाजापुढे चार गोष्टी ठेवितो.

पहिली : शिक्षण चालू असतानाच व्याज भरीत जावे. वरील उदाहरणात पहिल्या वर्षी ते अवघे २० हजार असते. ते भरीत गेल्यास देणे ८ लाखांवरच राहते आणि हप्ता १०,५७० च्या आसपास येतो. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असणाऱ्या घरांतील व्यावसायिक शिक्षणाच्या मुलांसाठी २००९ पासून केंद्राची व्याज-अनुदान योजना आहे. पात्र असणाऱ्यांनी बँकेत तिची चौकशी अवश्य करावी.

दुसरी : आधी शिक्षणाचे कर्ज, मग घराचे. घर घेण्याची वेळ येईल तेव्हा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झालेल्या रेरा कायद्याचा आधार घ्यावा. करार नोंदविल्याविना विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

तिसरी : मंडळाने कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी उभारावा. मोठा नसला तरी चालेल. शिकलेल्याने परत करावा आणि पुढच्याने घ्यावा. त्याचबरोबर पुण्यास चार-सहा खोल्या भाड्याने घेऊन नव्याने नोकरीस लागलेल्या मुलामुलींची पहिल्या दोन वर्षांची सोय करावी. तालमकींच्या समाजाने शंभर वर्षांपूर्वी जे केले, ते आपणांस अशक्य का असावे?

चौथी गोष्ट बिनखर्चाची आहे. पुढील मेळाव्यात फ्लॅटचा प्रश्न आपण विचारू नये. मुलगा किंवा मुलगी ऋण प्रामाणिकपणे फेडीत आहे काय, एवढे विचारावे. भाड्याच्या खोलीत सुरू झालेला संसार कमी प्रतीचा नसतो. आपले आजे-पणजे नागपुरास तसेच राहिले आणि त्यांनीच आपणांस येथवर आणिले.

ताणा एकट्याने धरता येत नाही; तो लावावयास दुसऱ्या टोकाला माणूस लागतो, हे विणकराच्या लेकरास सांगावयास नको. आजचा तरुण दोन्ही टोके एकटाच धरून उभा आहे. दुसरे टोक समाजाने धरावे, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो. इत्यलम्.