जुनी पेटी, नवी पेटी



कोकणात किनाऱ्यालगतच्या एका गावी माझे एक शिक्षक स्नेही राहतात. त्यांच्या घरी ओसरीवर खाऱ्या पाण्याची एक काचपेटी आहे. तिच्यात बोटाएवढे दोन मासे आणि शंखात राहणारा एक खेकडा, एवढाच संसार. पण शाळेतली मुले येता-जाता तिथे थांबतात आणि समुद्राचे पोट आतून कसे दिसते ते बघून घेतात. या पेटीचा एक सांधा गळू लागला, म्हणून गुरुजींनी नवी पेटी आणवली आणि मला विचारले, "जुने दगड आणि वाळू गोड्या पाण्याने खळखळून धुतो, उन्हात वाळवतो, नवे पाणी भरतो आणि लगेच मासे सोडतो. बरोबर ना?"

मी म्हटले, "गुरुजी, थांबा! इतके स्वच्छ केलेत तर आठवड्याभरात मासे जातील."

गुरुजी गप्प झाले. कारण पूर्वी एकदा तसेच झाले होते. सुट्टीत त्यांनी पेटी घासूनपुसून लख्ख केली होती आणि पुढच्या चार-पाच दिवसांत एकेक करून सगळे मासे मेले होते. पाणी तर आरशासारखे नितळ होते! मुलांनी कारण विचारले, तेव्हा गुरुजींना उत्तर देता आले नव्हते. ते उत्तर सापडायला जगालाही बरीच वर्षे लागली. त्याची हकीकत मी गुरुजींना सांगितली, तीच आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते इंग्लंडात, १८४६ साली. ॲना थिन नावाच्या एका बाई टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेल्या होत्या. तिथल्या खडकांवर त्यांना जिवंत प्रवाळ, म्हणजे पोवळ्याच्या जातीचे प्राणी मिळाले. बाईंनी ते भांड्यात घालून लंडनला आपल्या घरी नेले. पण लंडनमध्ये ताजे समुद्राचे पाणी कुठून आणायचे? मग त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतत राही. अर्धा-पाऊण तास हे चाले. हेतू हा, की पाण्यात हवा मिसळावी. पुढे बाईंनी पाण्यात समुद्रातल्या वनस्पतीही ठेवल्या. त्यांचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले, आणि वाढलेही. बाईंचे नाव निदान काही पुस्तकांत आले. त्या मोलकरणीचे नाव मात्र कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आज पेटीत हवेचा जो छोटा पंप बुडबुडे सोडतो, तो तिचेच काम करतो.

याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९ साली त्यांनी बारा गॅलनांच्या एका पात्रात गोडे पाणी भरले, त्यात दोन सोनमासे सोडले आणि एक पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे तो घेतील, असा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. पण काही दिवसांनी वनस्पतीची पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी पाण्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायी कुजकी पाने खाऊ लागल्या आणि पाणी पुन्हा निवळले. पेटीत कुजणाऱ्या घाणीची व्यवस्था लावणारा कोणीतरी हवा, हा धडा यातून मिळाला. पुढे त्यांनी असेच प्रयोग खाऱ्या पाण्यातही केले.

तिसरे नाव फिलिप हेन्री गॉस यांचे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी माशांचे काचघर उघडले. दुसऱ्याच वर्षी गॉस यांचे पुस्तक आले आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर पोचला. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्यांनी साधे मीठ आणि आणखी तीन क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही छापली. इंग्लंडातला काचेवरचा कर १८४५ साली उठला होता आणि आगगाडी किनाऱ्यापर्यंत जाऊ लागली होती. मग काय विचारता! ज्याच्या-त्याच्या दिवाणखान्यात काचेचा समुद्र दिसू लागला.

पण या हौसेचा हिशेब दोन ठिकाणी चुकला. पहिली चूक घरात झाली. लोक पेटी आणत, पाणी भरत, आणि त्याच दिवशी किनाऱ्यावर सापडेल तो जीव तिच्यात कोंबत. थोड्याच दिवसांत पाण्याला दुर्गंधी येई. मग ते सगळे फेकून द्यायचे आणि पुन्हा नवे जीव आणायचे. दुसरी चूक किनाऱ्यावर झाली. टोपल्या आणि हातोडे घेऊन लोकांच्या झुंडी खडकांवर उतरल्या. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली 'फादर अँड सन' या पुस्तकात खेदाने लिहून ठेवले आहे, की आपल्या लहानपणी जी डबकी जिवांनी भरलेली होती, ती या झुंडींनी ओरबाडून ओस पाडली. आणि हे पाहून वडिलांना फार दुःख होई. ज्याने समुद्राची गोडी लावली, त्याच्याच पुस्तकांमुळे किनारा उजाड झाला! पेटीत मेलेल्या प्रत्येक जिवामागे किनाऱ्यावरचा आणखी एक जीव जात होता. म्हणून पेटी नीट मांडणे हा नुसता हौसेचा प्रश्न नाही.

मग मोठ्या मत्स्यालयांनी काय केले? विल्यम आल्फर्ड लॉइड या गृहस्थांनी १८६४ साली हॅम्बुर्गचे आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभारले. लोकांना दिसणाऱ्या पेट्यांपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असा हौद त्यांनी खाली अंधारात ठेवला आणि पंपाने पाणी रात्रंदिवस वर-खाली फिरवले. पाणी बदलायचे नाही, फिरवायचे. पाणी टिकू लागले. पण ते का टिकते, याचा पुरता उलगडा त्या वेळी झालेला नव्हता.

आणि आता शेतकरी बंधूंनी जरा कान द्यावा, कारण उत्तर सापडले ते शेताच्या मातीत! शेणखतातला आणि मुताऱ्यातला अमोनिया जमिनीत पडला, की त्याचे कालांतराने नायट्रेट बनते, आणि ते पिकाला लागू पडते. हे नुसते रासायनिक काम आहे की कोणी जिवंत कामगार ते करतो? १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी यांच्या थरातून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ आत सोडली, तेव्हा काम बंद पडले. मग क्लोरोफॉर्म काढून टाकून चांगल्या मातीचे थोडे धुवण घातले, आणि काम पुन्हा सुरू झाले. म्हणजे कामगार जिवंत होता! तो मातीच्या आणि वाळूच्या कणांना चिकटून राहणारा जीवाणू होता.

पुढे इंग्लंडातल्या रॉथमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात दाखवून देण्यात आले, की हे काम दोन टप्प्यांत होते. पहिला जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. हे दाखवणाऱ्याचे नाव काय असेल? रॉबर्ट वॉरिंग्टन! सोनमासे आणि गोगलगायी पाळणाऱ्या त्याच वॉरिंग्टनांचा हा मुलगा. वडिलांनी पेटी मांडली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. वडिलांच्या पेटीतले जे काम डोळ्यांना दिसत नव्हते, ते मुलाने शेतात शोधून काढले. हे जीवाणू वेगळे काढून वाढवण्याचे यश मात्र १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले.

आता गुरुजींच्या पेटीकडे वळू. मासा खातो, त्याच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो. अमोनिया हे माशाला विष, नायट्राइटही घातक. नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळच सौम्य. समुद्रातले जीवाणू, म्हणजे शेतातल्या जीवाणूंचे भाऊबंदच म्हणा ना, हे विष उतरवतात. पाण्यात ते थोडेच असतात. त्यांची खरी वस्ती दगडांवर आणि वाळूवर. गुरुजींनी मागे दगड धुऊन वाळवले, तेव्हा घाणीबरोबर कामगारही मारले. पाणी नितळ दिसत होते, पण विष डोळ्यांना दिसत नाही.

१९६१ साली जकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच घरातली खारी पेटी राखण्याची आपली रीत एका मासिकात प्रसिद्ध केली. जगभरच्या हौशी लोकांनी हळूहळू ती उचलली. पण येथे एक इशारा दिला पाहिजे. आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ तोडून पेटीत ठेवायचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना संरक्षण मिळाले आहे. त्याआधीच, १९८७ साली, मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जीवाणूंना प्रवाळच हवेत असे नाही. न रंगवलेली, न झिलई दिलेली, भाजलेल्या मातीची सच्छिद्र खापरेही त्यांना चालतात.

तर मग नवी पेटी कशी मांडावी? आधी जागा पाहावी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटी पाण्याने आणि दगडांनी भरली की दोनशे किलोंच्या वर जाते. चार पोती धान्य पेलेल असे मजबूत, सपाट बैठक हवी. थेट ऊन नको. पाणी तापते आणि शेवाळ माजते. पाण्याला धातू लागू देऊ नये, तांबे तर मुळीच नाही. आधी गोडे पाणी भरून दोन-तीन दिवस गळती पाहावी.

पाणी समुद्रातून आणायचे तर खाडीच्या तोंडापासून दूर, आणि पावसाळ्याबाहेर आणावे. पावसात ते मचूळ आणि गढूळ होते. क्षारमिश्रण वापरायचे तर लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम धरून आदल्या दिवशी कालवावे आणि घनतामापकाने जुन्या पाण्याशी ताडून पाहावे. दगड जुन्या खाऱ्या पाण्यातच भिजते ठेवून हलवावेत. नळाच्या पाण्याचा थेंब त्यांना लागू देऊ नये. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असते. जुनी वाळू खाली घाणीने भरलेली असते, म्हणून तिच्यातली वरची ओंजळ-दोन ओंजळी विरजणासारखी घ्यावी. बाकी वाळू नवी. दोन्हीकडचे तापमान सारखे झाल्यावर अगदी शेवटी मासे सोडावेत. पहिले काही दिवस खायला कमी घालावे आणि अमोनिया तपासत राहावे. जुने दगड नसतील, अगदी कोरी सुरुवात असेल, तर माशांवाचून चार ते सहा आठवडे थांबण्याची तयारी हवी. त्या फ्रेंच प्रयोगातले वीस दिवस आठवा!

आणखी एक. मिठागरात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. पेटीतही तेच होते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याने करावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

गुरुजींनी तसेच केले. शाळेच्या मुलांनी ओळीने उभे राहून बादल्या पोचवल्या. दगड धुतले नाहीत, म्हणून एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे घाणेरडे दगड कशाला?" या वेळी गुरुजींपाशी उत्तर होते. ते म्हणाले, "बाळ, उकिरड्याचे खत शेतात कोण मुरवतो, ते आधी सांग."

दोन्ही मासे आणि तो शंखातला खेकडा आज नव्या पेटीत सुखरूप आहेत.